खांबामागचा माणूस

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण एका वर्षी मी महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकाच वेळी चालत होतो. कुणाच्या पडवीत, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या देवघरासमोर. आणि त्याच वेळी इथं राजारामपुरीत पायावर पाय टाकून मिसळही खात होतो.

"झालं सुरू," सर्जेराव म्हणाले. "गेल्या खेपेला रंकाळ्यातल्या मगरीनं ह्यांच्या हातनं पेढा खाल्ला हुता. आता हे हजार घरांत चालणार."

"मगर म्हातारी होती, सर्जेराव. दात नव्हते तिला. पेढाच खाणार."

सर्जेराव चौगुले म्हणजे आमच्या सोसायटीचं अविश्वासखातं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला, त्यामुळे समोरच्यानं काहीही आणलं की त्यात ऊस किती आणि पाचट किती हे आधी बघणार. रविवारी सकाळी आम्ही दोघं पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसतो. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची स्नेहल शिंत्रे चहाचा कप हातात घेऊनच खाली आली होती. तिची आई गारगोटीला एकटी असते. दुसऱ्या दिवशी तिथं रेघपेटी बसवायला माणूस येणार होता.

"आबा, तुम्ही त्या धंद्यातले," ती म्हणाली. "बसवू का नको, एवढं सांगा."

हो किंवा नाही एवढंच उत्तर मी आयुष्यात कधी कुणाला दिलेलं नाही. म्हटलं, बस. चहा संपेपर्यंत सांगतो.

सर्जेरावांना धंदाच ठाऊक नव्हता, म्हणून तिथून सुरुवात केली. आमचा धंदा रोटोस्कोपिंगचा, आम्ही नुसतं रोटो म्हणतो. खऱ्या माणसाचं चित्रण घ्यायचं, त्याची एकेक चौकट थांबवायची आणि तिच्यावर पेननं माणसाची कड गिरवायची. सेकंदाला चोवीस चौकटी. मग खालचं चित्रण काढून टाकायचं आणि नुसत्या रेघा एकामागून एक पळवायच्या. माणूस जातो, त्याचं चालणं तेवढं उरतं.

"म्हंजे पतंगी कागदावर गिरवल्यागत."

"तसंच. फक्त तुमचा कागद चालायला लागतो."

शिकायला आलेली मुलं सुरुवातीला शर्टाची प्रत्येक सुरकुती काढतात. मग चित्र पळवलं की सगळा शर्ट मुंग्या चढल्यासारखा वळवळतो. माणसाचा हात आहे, तीच रेघ पुढच्या चौकटीत केसभर सरकणारच. याला आम्ही रेघ उकळणं म्हणतो. मग शिकवायचं की बाबा रे, कमी काढ. भार कुठल्या पायावर आहे ते बघ. खांदा आधी वळतो का कंबर, ते बघ. रेघ साफ कर. साफ, साफ आणि साफ, हा माझ्या वर्गातला मंत्र होता.

आणि एक धडा होता, खांबामागचा माणूस. माझा वर्ग एका जुन्या गोदामात भरायचा. गोदामाच्या मधोमध हा एवढा जाड खांब. कॅमेरा एका जागी लावायचा आणि एकानं भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत जायचं, खांबाच्या पलीकडून. म्हणजे मध्ये थोडा वेळ माणूस दिसतच नाही. नवीन पोरगं तिथं हात थांबवतं. माणूस दिसत नाही तर काढू काय? मग माणूस पलीकडे निघतो तेव्हा त्याची रेघ उडी मारते, पाय चुकतो. म्हणून नियम असा की माणूस खांबामागे गेला तरी हात थांबवायचा नाही. मनात चालवत राहायचा. दिसत नसला तरी काढायचा. म्हणजे पलीकडे तो बरोबर जागी, बरोबर पायावर बाहेर येतो.

"आणि चालायचं कुणी?" स्नेहलनं विचारलं.

"मी. दुसरं कोण फुकट चालतंय?"

त्या काळी माझा चष्मा शर्टाच्या खिशात असायचा. चालताना तो उसळून पडू नये म्हणून डावा तळहात छातीवर, आणि उजवा हात मोकळा, जरा जास्तच मोकळा. किती तरी वर्षांच्या किती तरी मुलांनी माझं ते चालणं गिरवलं. त्यात सगळ्यांत चांगलं गिरवलं ते ओवी मेस्त्रीनं.

ओवी देवगडकडची. वडील वासुदेव मेस्त्री, होड्या बांधणारे. आई लहानपणीच गेलेली. ही पोर कोल्हापुरात शिकायला आली आणि वर्गातच राहिली, पुढे माझ्याबरोबर शिकवायला लागली. हात असा की रेघ श्वास घेतेय वाटावं. पण जीव सगळा तिकडं. वडील एकटे, खाडीच्या कडेला वाडीचं शेवटचं घर, शेजारच्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. रोज संध्याकाळी फोन. कपडे वाळत घातलेत का, भात खाल्लात का, लाकूड तासायची तासणी नीट धरता का. वासुदेवराव तिकडून ओरडायचे, "मी बरो आसंय गो! तू आपला काम कर!" आणि फोन ठेवायचे. सगळा वर्ग ऐकायचा.

मग तो कायदा आला. तुम्हाला आठवत असेल, घराघरांत लावलेल्या कॅमेऱ्यांतून म्हाताऱ्या माणसांची चित्रं बाहेर फुटली, नको त्या अवस्थेतली. मोठा गदारोळ झाला. मग ठरलं की राहत्या घरातून माणसाचं चित्र बाहेर जाता कामा नये. आणि एका कंपनीनं रेघपेटी काढली.

कल्पना झकास होती. ते मी आजही नाकारत नाही. पेटीचे डोळे खोल्याखोल्यांत आणि अंगणात बसवतात. डोळा माणसाला बघतो, त्याच्या सांध्यांचे तेवढे बिंदू टिपतो, खांदा, कोपर, कंबर, गुडघा, टाच, आणि चित्र जागच्या जागी पुसून टाकतो. बाहेर जातात ते नुसते बिंदू, फार तर हातातल्या वस्तूची कड; घराचं रेखाचित्र आधीच काढून ठेवलेलं असतं. कंपनीच्या यंत्रावर त्या बिंदूंभोवती रेघ ओढली जाते, आणि मुलाला पुण्यात नाहीतर कॅनडात आपल्या मोबाइलवर आई दिसते. रेघेची आई. चेहरा नाही, लुगड्याचा रंग नाही, पण उठते, बसते, देवाला फुलं वाहते. पडली तर पेटी लगेच बोंब मारते. लाज राखली जाते आणि लक्षही राहतं.

"मग चांगलंच आहे की," स्नेहल म्हणाली.

"ऐक. त्या यंत्राला रेघ ओढायला शिकवलं कुणी?"

सर्जेराव म्हणाले, "तुमी."

आम्ही! कंपनीला माणसाच्या चालण्याची उत्तम गिरवलेली चित्रं हवी होती, ढिगांनी. माझ्या वर्गाकडं वर्षानुवर्षांची पडलेली. सगळी दिली. आम्हाला कोण आनंद! गोदामातली पोरं, आणि आमची रेघ देशभर जाणार. त्यात खांबामागचा धडा सगळ्यांत जास्त होता, कारण तो प्रत्येकाला पुन्हा पुन्हा करावा लागायचा. यंत्र अभ्यासू. आमच्या कुठल्याही पोरापेक्षा चांगलं शिकलं. माणूस दिसेनासा झाला तरी हात थांबवायचा नाही, हे तर पाठच केलं त्यानं.

पण एक गोष्ट आम्ही त्याला सांगितलीच नव्हती. आमच्या खांबामागं गेलेला माणूस नेहमी बाहेर यायचा. चहा प्यायला जायचं असायचं मला. न येऊन सांगतो कुणाला?

स्नेहलनं कप खाली ठेवला.

सुरुवातीला पेटी फार थोडा वेळ असं मनानं काढायची. म्हणजे आजोबा कपाटाआड गेले, आले, तेवढ्यापुरतं. आणि ती अंदाजाची रेघ करड्या रंगाची असायची, कळावं म्हणून. पण माणसांचं काय होतं बघा. मुलगा ऑफिसात बसलाय, एका डोळ्यानं बापाकडं बघतोय, आणि बाप करडा झाला. छातीत धस्स! तक्रारींचा पाऊस. आमचे बाबा मध्येच करडे होतात. आमची आई मध्येच नाहीशी होते, आम्हाला झोप लागत नाही. कोकणात, घाटात तर लाइन सारखी जायची. बिंदू यायचे थांबले म्हणजे तिथं माणूस नाही का नुसती लाइन गेली, हे कंपनीच्या यंत्राला कळायला काही मार्ग नव्हता. दोन्ही वेळा पोचतं ते सारखंच. म्हणजे काहीच नाही.

मग कंपनीनं करडा रंग काढून टाकला. आणि एक सोय दिली. तिचं नाव अखंड. ती चालू केली की बिंदू येवोत न येवोत, माणूस दिसत राहणार. त्याच्या रोजच्या सवयी यंत्राला ठाऊक असतात, सकाळी झाडतो, मग चहा, मग होडीचं काम. तेवढं ते मधल्या वेळात भरून काढतं.

"आणि ओवीनं ते अखंड चालू केलं," स्नेहल म्हणाली.

"पहिल्याच दिवशी. तिला तो मधला रिकामा पडदा सोसवायचा नाही."

वासुदेवरावांना पेटी मुळीच आवडली नव्हती. "माझी चित्रां कित्याक काढतंस गो? माका बघूचा आसात तर हंय ये," म्हणायचे. ती म्हणायची, येते बाबा, ही बॅच संपू दे. बॅच कधी संपते? एक संपायच्या आत दुसरी बसते. आणि हळूहळू संध्याकाळचा फोन राहायला लागला. कारण बाप दिसत होता ना. टेबलाच्या कडेला मोबाइल उभा करून ठेवायची, काम करता करता नजर टाकायची. विचारायचं काय? भात खाताना दिसलेत. कपडे घातलेत वाळत. मी एकदा म्हटलं, फोन कर की. तर म्हणाली, "सर, ते फोनवर खोटं बोलतात. बरो आसंय, बरो आसंय. हे खरं तरी आहे."

असं म्हणाली ती. हे खरं तरी आहे.

एका सकाळी नवीन बॅचचा खांबाचा धडा होता. मी आता चालत नव्हतो, गुडघे गेले. माझं जुनं चित्रण भिंतीवर लावलेलं आणि ओवी मुलांना समजावत होती. मी मागे बाकावर. बोलता बोलता ती थांबली. टेबलावरचा मोबाइल उचलला आणि माझ्याकडं आली. चेहरा पांढराफटक.

"सर, बाबांच्या छातीत दुखतंय."

मी बघितलं. घराचं अंगण. एका बाजूला मांगर, म्हणजे होडीचं सामान ठेवायची चिऱ्याची खोली. तिच्या भिंतीमागून रेघेचा माणूस बाहेर आला, डावा तळहात छातीवर दाबून. पडवीच्या पायरीपर्यंत आला. बसला. पुन्हा उठला. हात छातीवरच.

"सकाळपासून असंच चाललंय. मला आधी कळलंच नाही. फोन उचलत नाहीत."

"ते कधी उचलतात?"

"सर!"

तिनं बाबलकाकांना लावला. हे वडिलांचे मित्र, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. ते म्हणाले, "अगो, आत्ताच बघलंय मी त्याका. पडवेत बसलोहा. बरो आसा."

"तुम्ही घरी गेला होतात, काका?"

"नाय गो, मी कणकवलीक इलंय. मोबायलात बघलंय." पेटीचं चित्र ओवीनंच त्यांच्याही मोबाइलवर दिलं होतं.

मग पेटीच्या मदतक्रमांकावर. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, तुमचे वडील हालचाल करताहेत, पडल्याची नोंद नाही, सर्व ठीक आहे. ओवी म्हणाली, ते छातीवर हात धरून चालताहेत. बाई म्हणाल्या, मला दिसताहेत मॅडम, चालताहेत ना छान.

मी पडद्याच्या आणखी जवळ सरकलो. कारण मला तो हात ओळखीचा वाटत होता. कुणाचा ते पटकन आठवेना, किंवा आठवलेलं मला नको होतं म्हणा. त्या माणसाचा उजवा हात मोकळा होता, जरा जास्तच मोकळा.

ओवी फोन ठेवून पडद्याकडं बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "सर, बाबा घरात शर्ट घालत नाहीत. उघडे असतात. नुसता पंचा."

"असू दे, बाळ. छातीत दुखलं तर माणूस हात..."

"दाबत नाहीयेत ते. खिसा सांभाळतायत."

तिनं मान वळवली. भिंतीवर मी खांबामागून बाहेर येत होतो. डावा तळहात छातीवर. तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये मी मांगरामागून बाहेर येत होतो. बॅचमधली मुलं एकदा भिंतीकडं, एकदा आमच्याकडं बघत होती. बाकावर बसल्या बसल्या माझासुद्धा डावा हात कधी छातीवर गेला होता कुणास ठाऊक. घाबरून खाली घेतला.

इकडं पार्किंगमध्ये सर्जेरावांनी खुर्ची पुढं ओढली. मगरीचं नावसुद्धा काढलं नाही.

पेटी मागची रेघ साठवून ठेवते. आम्ही टेबलाशी बसलो आणि मागं मागं जायला लागलो. आज सकाळ, साफ. अंगण झाडणारा माणूस, साफ रेघ. काल रात्री कुशीवर झोपलेला, साफ. चटईवर जेवणारा, साफ. किती सुंदर रेघ! माझ्या वर्गात तिला पैकीच्या पैकी दिले असते. खऱ्या माणसाचे बिंदू येतात तेव्हा रेघ थोडी तरी उकळतेच, कारण जिवंत अंग स्थिर नसतं, गुडघा कुरकुरतो, मान हलते. इथं काही म्हणजे काही उकळत नव्हतं. ओवीचं बोट मागे मागे सरकत होतं आणि ती स्वतःशी म्हणत होती, तुम्ही. तुम्ही. हेही तुम्हीच.

आणि मग काल संध्याकाळी रेघ थरथरली. एक वाकलेला म्हातारा, हातात तासणी, डावी टाच जरा ओढत, अंगणातून चालला होता. मध्ये थांबला, कमरेवर हात ठेवला, आभाळाकडं बघितलं. मग मांगराच्या भिंतीमागं गेला. पुढच्या काही चौकटींत नुसतं अंगण, आणि मग भिंतीमागून मी आलो.

ओवीनं ती एकच जागा परत परत पुढंमागं केली. वासुदेवराव जातात, मी येतो. वासुदेवराव जातात, मी येतो.

"चला," ती म्हणाली.

बाबलकाकांचा फोन आता लागत नव्हता. माझी जुनी गाडी काढली. गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. उसाचे ट्रॅक्टर समोर, आणि मी आयुष्यात चालवली नव्हती अशी गाडी चालवत होतो. ओवी शेजारी. मांडीवर मोबाइल. त्यात तिचा बाप, म्हणजे मी, चहा पीत होता.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"करवत नाही."

"अगं, तुला ठाऊक आहे ना तो कोण आहे?"

"ठाऊक आहे. पण बंद केलं तर तेही जातील." थोड्या वेळानं म्हणाली, "काल झोपताना मी बघितलं. कुशीवर झोपलेले. म्हटलं, चला, झोपले बाबा. मग मी झोपले. निवांत झोपले, सर."

मी हॉर्न वाजवला.

घाटात रेंज गेली. माझा फोन मेला. मला वाटलं, सुटलो, आता तरी तो पडदा रिकामा होईल. पण तिच्या मांडीवरचा माणूस थांबला नाही. त्यानं कप विसळला, पालथा घातला, पंचा झटकून दोरीवर टाकला. जगाशी संबंध तुटलेला तो मोबाइल आता स्वतःच बसून चित्र काढत होता. हात थांबवायचा नाही. आमच्या गोदामातला नियम, त्या घाटातल्या वळणावर, चोख पाळला जात होता.

ओवी म्हणाली, "सर, खांबामागं माणूस किती वेळ राहिला तर काढणं थांबवायचं, हे तुम्ही कधी शिकवलं नाहीत."

"कुणी विचारलं नाही कधी."

"मी विचारते."

मी गाडी चालवत राहिलो. वैभववाडी गेली. तळेरे गेलं. दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा लागल्या. तिनं एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही. घर जवळ आलं तसा तिचा श्वास मला ऐकू यायला लागला, लहान लहान. लाल मातीच्या वळणावर समोर कौलं दिसली, आणि मांडीवरच्या पडद्यात तो माणूस पडवीच्या खांबाला टेकून आमच्याच वाटेकडं बघत उभा राहिला. गाडीच्या काचेतून खरी पडवी दिसत होती. तिथं कुणी नव्हतं.

इथं मी थांबलो. सर्जेराव खुर्चीच्या टोकावर आलेले. स्नेहल माझ्याकडं बघत होती, पण तिचं लक्ष गारगोटीला होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. डोळे भरलेले. इतकी सुंदर रविवारची सकाळ, कुणाला रडवायचं म्हणून का मी खाली उतरतो?

"अहो, तोंडं कसली पाडता?" मी म्हटलं. "शेवट गोड आहे! गाडी अंगणात घातली. ओवी उतरून धावायला निघाली. मी म्हटलं थांब, आणि हा लांबलचक हॉर्न दिला. कावळे उडाले. आणि मांगराच्या भिंतीमागून वासुदेवराव बाहेर! हातात तासणी, अंगभर लाकडाचा भुसा. म्हणाले, 'कोण गो? ओवी? अशी मधीच कशी इलंस?' भिंतीमागं बसून होडी घडवत होते पठ्ठे! लेकीसाठी, बरं का. तिला अचंबा द्यायचा, आणि पेटीला दिसू नये म्हणून मुद्दाम भिंतीआड. मग काय! ओवी गळ्यात पडली, रडली, हसली. म्हाताऱ्यानं चहा टाकला, शहाळी फोडली. पेटी काढून मी स्वतः खाडीत भिरकावली. आजही तिथले खेकडे माझ्यासारखे चालतात."

सर्जेराव खदाखदा हसले. "डावी नांगी छातीवर धरून?"

"अगदी!"

"च्या मारी, आबा! जीव टांगणीला लावलासा की. मला वाटलं म्हातारा गेला." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "बरं झालं बाबा. लई बरं झालं."

स्नेहल हसली नव्हती.

"आबा, पेटी घरातही होती ना? पडवीत, स्वयंपाकघरात?"

"होती की."

"आणि काल संध्याकाळनंतर खरी रेघ कुठंच नव्हती."

"नव्हती."

"म्हणजे ते रात्री जेवायला घरात आले नाहीत. झोपायला आले नाहीत. सकाळी तोंड धुवायलाही आले नाहीत. आले असते तर पेटीला दिसले असते, रेघ उकळली असती."

"अगं, कलाकार माणूस, कामात गुंग झाला की..."

"काल संध्याकाळपासून भिंतीआड असलेला म्हातारा माणूस, अन्न नाही, पाणी नाही, आणि तुमचा हॉर्न ऐकून तासणी घेऊन उठून येतो?"

सर्जेराव माझ्याकडं बघायला लागले. वजनकाट्यावरचे डोळे. मी चष्मा पुसायला घेतला.

स्नेहल उठली. तिनं मोबाइलवरून त्या पेटीवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं, तिथंच, माझ्यासमोर उभी राहून. मग आईला फोन लावला, पोचते दुपारपर्यंत, असं म्हणाली, आणि पलीकडचं बोलणं बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवून जायला निघाली, आणि लिफ्टपाशी जाऊन परत आली.

"खोटं," ती म्हणाली, पार्किंगभर ऐकू जाईल असं. "भिंतीमागून बाहेर आलेला माणूस तुम्ही काढलात, आबा. ओवीचे बाबा बाहेर आलेच नाहीत."